दोन आठवड्यांचा मिशन दौरा: जाण्याआधी
मिशन दौरा, म्हणजे चर्चतर्फे सेवेसाठी केलेला प्रवास. दोन आठवड्यांत परदेशात जाऊन कसली सेवा होणार, हा प्रश्न मलाही पडला होता. होते सेवा, पण तिथल्या मंडळीने (चर्चने) आणि पाळकांनी (पास्टरांनी) मागितलेलं काम हाती घेतलं तरच. आमचा गट भिंती रंगवायच्या तयारीने गेला. तिथे गरज होती आजाऱ्यांजवळ बसून प्रार्थना करणाऱ्यांची. अनाथाश्रमातल्या मुलांना मात्र चार दिवसांचा लळा लावू नका, अगदी कळकळीने सांगते. आपण परततो, ती मागे राहतात.

व्हिसाचंही आधी विचारा, अनेक देशांत पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस लागणार असेल तर प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या, लस घेऊन १० दिवस होण्याआधी तिचं प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं.