प्रतिसाद : नियम एकच, तपासणारा वेगळा

वर कोणीतरी लिहिलंय की खेड्यात वायरिंगचे नियम ढिले असतात. नियम ढिले नाहीत हो! अमेरिकेत प्रत्येक राज्य, कधी कधी शहरही, वायरिंगच्या नियमावलीची (कोडची) आपापली आवृत्ती स्वीकारतं. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा विनियम नागपूरला लागू तसेच यवतमाळमधल्या आर्णी-घाटंजीलाही. फरक तपासणीत आहे. १५ मीटरपेक्षा उंच इमारत असली की विद्युत निरीक्षक येतो. आपल्या घराला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट पुरतो, आणि तो बरेचदा घर न पाहताच सही होऊन येतो. ग्रामपंचायत तर वायरिंगकडे बघतच नाही.

खरी गोम अर्थिंगची, म्हणजे गळका करंट जमिनीत सोडणाऱ्या जोडणीची. काळी कसदार जमीन एप्रिल-मेमध्ये भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो नि करंटला जमिनीचा रोध वाढतो. मग फॉल्ट झाला तरी फ्यूज उडत नाही, पाण्याच्या मोटारीच्या बॉडीत करंट राहतो. (त्यात फ्यूजला जाड तार गुंडाळलेली, ते तर आपल्याकडे शास्त्रच!) उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत जा. घराला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावाच. कोणी तपासायला येवो न येवो. रिपोर्टवर सही करणाऱ्याला मात्र अर्थ टेस्टरचं (अर्थिंगचा रोध मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग समोर घ्यायला लावा.