हेप-जी२ वर ग्रीन टी अर्क: डोस वाढवला की पेशी १३५% जिवंत?

रानहळद
ग्रीन टीच्या कोरड्या अर्काची (ईजीसीजी, म्हणजे त्यातलं मुख्य कॅटेचिन, एक पॉलिफेनॉल, ४०%) यकृतपेशींवर तपासणी चालू आहे. हेप-जी२ (माणसाच्या यकृताच्या कर्करोगापासून वाढवलेल्या पेशी), ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, दर वेलला १०,००० पेशी, डीएमईएम (पोषक मीडियम) आणि १०% एफबीएस (वासराचं सीरम). डोस १० ते १००० मायक्रोग्रॅम/मिली, सगळीकडे डीएमएसओ (अर्क विरघळवणारा द्राव) १%, २४ तास. नंतर अर्क तसाच ठेवून वरून एमटीटी (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात तो पिवळा रंग), ०.५ मिग्रॅ/मिली, ४ तास.
कंट्रोलच्या तुलनेत जिवंत पेशी १०० पर्यंत ९५ ते १०५%. ३०० ला १३५%, १००० ला त्याच्याही वर. पण मायक्रोस्कोपखाली ३०० च्या वेलमध्ये पेशी गोल होऊन तळापासून सुटलेल्या दिसतात. एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारं एन्झाइम) मात्र वाढत नाही. खरं कुणाचं मानायचं, डोळ्यांचं की प्लेट-रीडरचं?

फेनॉल_रेड
डोळ्यांचं. पॉलिफेनॉल स्वतःच एमटीटीचं क्षपण (रिडक्शन) करतात, त्याला पेशी लागत नाहीत. खात्री करायला पेशी न टाकलेल्या वेल लावा: मीडियम + अर्क (प्रत्येक डोस) + एमटीटी, तेवढेच ४ तास. ३०० ला जांभळा रंग आला की समजा, तुमचे १३५% हे अर्काचे आहेत.
हा रंग नुसता वजा करून भागत नाही, कारण पेशी असताना आणि नसताना अर्काचं मीडियममध्ये सारखंच होतं असं नाही. एमटीटीआधी अर्क काढून कोमट पीबीएसने दोनदा धुवा, मग फेनॉल रेड (मीडियममधला रंगसूचक) नसलेल्या मीडियममध्ये एमटीटी द्या. पण धुताना सुटलेल्या पेशी वाहून जातात आणि पेशींना चिकटलेला अर्क मागे राहतो, म्हणून दुसरी पद्धत हवीच. होक्स्ट (सगळी केंद्रकं रंगवतो) आणि प्रोपिडियम आयोडाइड (फक्त मेलेल्या पेशींची) देऊन केंद्रकं मोजणं सगळ्यात सरळ. एटीपी किट (पेशींतलं एटीपी प्रकाशावरून मोजणारं) वापरलंत तर ठरावीक एटीपीत अर्क मिसळून प्रकाश कमी होतो का ते आधी बघा. काही पॉलिफेनॉल ल्युसिफरेजच (किटमधलं प्रकाश देणारं एन्झाइम) दाबतात (रेझ्वेराट्रॉल त्यासाठी प्रसिद्धच आहे).
एलडीएचचंही तसंच. टॅनिन, कॅटेचिन प्रथिनांना धरतात, एन्झाइम बाहेर आलं तरी काम करत नाही. अर्क न दिलेल्या पेशी ट्रायटनने (डिटर्जंट) फोडून त्या लायसेटमध्ये ३०० चा अर्क घाला. आकडा पडला तर तुमचं "वाढत नाही" निकालात काढा. १०% सीरममधला एलडीएच पार्श्वभूमीला असतो तो वेगळाच.

पेशीजाल
वरच्यात भर. पेशी सुटल्यात त्या अर्कामुळे की हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे, हे अजून ठरलेलं नाही. ईजीसीजी ३७ अंशांवर मीडियममध्ये तासा-दोन तासांत आपोआप ऑक्सिडाइज होतं आणि पेरॉक्साइड सोडतं. मीडियम तपकिरी झालं असेल तर हीच खूण. समांतर वेलमध्ये कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) १०० ते २०० युनिट/मिली घाला. विषारीपणा गेला तर तो बशीतला होता, यकृताबद्दल त्यातून काही कळत नाही.
आणि बाटली तपासा: डीएमईएममध्ये सोडियम पायरुव्हेट आहे का? १ मिलीमोलर पायरुव्हेट पेरॉक्साइड गिळून टाकतं. दोन बॅचेसचे आकडे जुळत नाहीत म्हणून लोक अर्काला दोष देतात, आणि निम्म्या वेळा फरक कॅटलॉग नंबरात असतो.
डीएमएसओ १% नको. ०.५% च्या वर जाऊ नका, आणि कंट्रोलसकट सगळीकडे तेवढाच. स्टॉक १०० मिग्रॅ/मिली असेल तर ०.५% ला ५०० मायक्रोग्रॅम/मिली मिळतात, तिथे थांबा. पातळ केलेला अर्क पेशींशिवाय २४ तास इन्क्युबेटरमध्ये ठेवून गाळ बसतो का बघा. गाळ दिसला म्हणून ०.२२ मायक्रॉनमधून गाळू नका, फिल्टरवर किती राहिलं ते कळणार नाही आणि डोस कागदापुरता उरेल. कडेच्या वेलमध्ये फक्त पीबीएस; बाष्पीभवनाने तिथले आकडे हमखास भटकतात. मधल्या ६० पुरतात.

मिलीमोल
हे सगळं नीट केलंत तरी हेप-जी२ चा "सुरक्षित" हा निकाल अर्धाच. या पेशींत सायटोक्रोम पी४५० (यकृतात पदार्थांचं चयापचय करणारी एन्झाइम) फारच कमी असतात. जर्मँडर (ट्युक्रियम कॅमेड्रिस) हे उदाहरण ध्यानात ठेवा: त्यातल्या ट्युक्रिन-ए चं फ्युरान कडं सीवायपी३ए४ (यांपैकीच एक एन्झाइम) ऑक्सिडाइज करतं, तेव्हा कुठे विष तयार होतं. वजन घटवायला विकली जाणारी ही वनस्पती फ्रान्सने १९९२ मध्ये बंद केली. हेप-जी२ मध्ये ती सहज पास होईल. पायरोलिझिडीन अल्कलॉइड्सचंही (काही वनस्पतींतली विषं) तेच.
म्हणून दुसरा टप्पा हेपाआरजी (ही एन्झाइम असलेल्या यकृतपेशी) किंवा मानवी प्राथमिक हेपॅटोसाइट (दात्याच्या यकृतातून थेट काढलेल्या पेशी). हेपाआरजीला दोन आठवडे वाढ, मग दोन आठवडे २% डीएमएसओत, एवढा वेळ धरा. प्राथमिक पेशी कोलाजेनच्या प्लेटवर वेलला साधारण ५०,०००. वितळवल्यावर ट्रिपॅन ब्लूने मोजलेल्या जिवंत पेशी ८०% च्या खाली असतील तर प्लेट लावूच नका. सपाट थरात त्यांचे एन्झाइम एक-दोन दिवसांतच ओसरतात, त्यामुळे १४ दिवसांचा वारंवार डोस द्यायचा असेल तर स्फेरॉइड (पेशींचे गोळे). एकाच दात्यावर निष्कर्ष नको, किमान तीन. अफ्लाटॉक्सिन बी१ (बुरशीचं विष) हा चांगला पॉझिटिव्ह कंट्रोल: त्याला सक्रिय व्हायला सायटोक्रोम लागतात, म्हणून तो चालला नाही तर पेशी झोपल्यात. उलट तपासणीला १-अमिनोबेंझोट्रायाझोल (सायटोक्रोम रोखणारं) १ मिलीमोलर आधी देऊन बघा. विषारीपणा उतरला तर दोषी चयापचयातून बनलेला पदार्थ.
हेप-जी२ फेकू मात्र नका. ग्लुकोजऐवजी १० मिलीमोलर गॅलॅक्टोजवर ठेवल्या की त्यांना मायटोकॉन्ड्रियावरच जगावं लागतं. तिथे आयसी५० (निम्मा परिणाम करणारा डोस) एकदम खाली आला तर घाव तिथे आहे. कंट्रोल रोटेनोन (मायटोकॉन्ड्रियाचं विष).
डोसचा हिशोबही करा. ३०० मायक्रोग्रॅम/मिली अर्क म्हणजे १२० मायक्रोग्रॅम ईजीसीजी, रेणुभार ४५८, म्हणजे सुमारे २६० मायक्रोमोलर. तोंडावाटे घेतल्यावर रक्तात एवढं कधीच पोचत नाही. उपाशीपोटी पातळी बरीच चढते, तरी नाही. एफ्साने (युरोपची अन्नसुरक्षा संस्था) २०१८ मध्ये पूरकांतून रोज ८०० मिग्रॅ आणि त्यावर ईजीसीजी घेणाऱ्यांत ट्रान्सअमिनेज (यकृताला इजा झाल्यावर रक्तात वाढणारी एन्झाइम) वाढल्याचं नोंदवलं, त्यामुळे खालच्या टोकाला १, ३, १० मायक्रोमोलर ईजीसीजीएवढे डोस हवेतच.

रानहळद
पेशी नसलेल्या वेल लावल्या. १०० ला फिकट, ३०० ला चक्क जांभळ्या. एमटीटी बाद. कॅटलेजसोबत ३०० ला पेशी बऱ्याच चिकटून राहिल्या, पण सगळ्या नाहीत. उरलेला परिणाम अर्काचा धरू का? आणि सगळे टप्पे स्वच्छ आले तर अहवालात "यकृताला सुरक्षित" चालेल?

पेशीजाल
लगेच धरू नका. कॅटलेज हे प्रथिन आहे, कॅटेचिन त्यालाही धरतं. १० मिनिटं उकळून मारलेलं कॅटलेज तिसऱ्या रांगेत लावा. तिथेही पेशी तगल्या तर श्रेय प्रथिनाचं, पेरॉक्साइडचा संबंध नाही. मेलेल्याने नाही आणि जिवंत कॅटलेजने वाचवलं, तरच पेरॉक्साइडचा वाटा ठरतो.

मिलीमोल
नाही चालणार. ग्रीन टीच्या यकृत-इजेच्या रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ हा प्रतिकारशक्तीच्या जनुकाचा प्रकार जास्त सापडतो, म्हणजे प्रतिकारशक्तीचा हात आहे, आणि तुमच्या प्लेटमध्ये टी-पेशी नाहीत. "अमुक डोसपर्यंत, अमुक तास, या पेशींत थेट विषारीपणा आढळला नाही" एवढंच लिहा. सोबत बॅच नंबर आणि एचपीएलसीचा (घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) आलेख जोडा, पुढच्या बॅचमध्ये ईजीसीजी ४० चं ५५% असेल तर हा अहवाल तिला लागू नाही.