मदत हवी आहे: ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, अर्थ (अर्थिंग) नक्की कुठे अडलाय?

घाटवाट:
जुनी पेट्रोल हॅचबॅक, मुक्काम चिपळूण. पावसाचं वेगळं सांगायला नको. पार्किंग लाइट चालू असताना ब्रेक दाबला तर मागचा उजवा दिवा लख्ख व्हायच्या ऐवजी मंदावतो आणि शेजारचा इंडिकेटर मिणमिणायला लागतो. इंडिकेटर लावला की लाल दिवाही त्याच तालात लुकलुकतो. डावी बाजू ठणठणीत. बल्ब अदलाबदल करून पाहिले, दुखणं उजवीकडेच. फ्यूज शाबूत.

अर्थचा, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीकडे परत जायच्या वाटेचा, घोळ आहे एवढं कळतंय. डिकीत अस्तरामागे अर्थचा बोल्ट आहे, तो काढून पॉलिश पेपरने घासून परत आवळला. फरक शून्य. गंमत म्हणजे होल्डरच्या अर्थपासून बॉडीपर्यंत मल्टिमीटर छान बीप देतो! गॅरेजवाला म्हणतो मागचं अख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला. दुसरा म्हणतो होल्डरवरून नवी वायर काढून जवळच्या स्क्रूला मारा. दोन्ही पटत नाही. सुरुवात कुठून करू?

जुना_वायरमन:
बीपवर जाऊ नका राव. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतो, कारण मीटर सोडतो तो करंट नगण्य. ब्रेकच्या २१ वॅटच्या फिलामेंटला १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर लागतात. तिथे पितळ उघडं पडतं.

लोड चालू ठेवून (म्हणजे दिवा पेटता असताना) व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट खाल्ले जातात, ते मोजा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला. मागपर्यंत पोचत नसेल तर कुठलीही लांब वायर जोडा, बारीक असली तरी आकडा बिघडत नाही. लाल प्रोब होल्डरच्या अर्थला, आणि घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला बसवा. ०.१-०.२ व्होल्टपर्यंत ठीक. जास्त आला तर लाल प्रोब टप्प्याटप्प्याने सरकवा: कपलरची (दिव्याच्या आणि हार्नेसच्या वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) दिव्याकडची बाजू, हार्नेसकडची बाजू, बोल्टवरची रिंग, शेजारचा उघडा पत्रा. ज्या दोन टप्प्यांमध्ये आकडा धाडकन पडेल, आजार तिथे.

मिणमिणण्याचं कारण: त्या दिव्यातल्या सगळ्या बल्बांचा अर्थ एकच. तो अडला की करंट इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पुढच्या इंडिकेटरच्या अर्थने बाहेर पडतो.

पावसाळी_बेडूक:
स्क्रूला वायर मारून दिवा लागेलही, पण ज्या पाण्याने अर्थची पिन खाल्ली ते बाकीच्या पिनाही खाणार. कपलर उघडून बघाच.

घाटवाट:
सापडलं! होल्डरवर ५.४, कपलरच्या दिव्याकडच्या बाजूला ५.३, हार्नेसकडच्या बाजूला ०.२. उघडला तर काळ्या वायरीची पिन हिरवीगार, फिमेल पिनेची पकड सैल, तिच्याभोवतीचं प्लास्टिक तापून पिवळं पडलेलं. दिव्यामागचं रबर चिरलंय, तिथून पाणी वायरीवरून ओघळत थेट कपलरमध्ये. आता सुटी पिन कुठे मिळेल? इथे सगळे अख्खा दिवाच घ्या म्हणतात.

जुना_वायरमन:
पुण्याला कुणी जाणार असेल तर नाना पेठेत विचारायला सांगा. जुनी पिन आणि वायरीचा तुकडा नमुन्याला द्या, नुसत्या फोटोवर पिन आणू नका. पिन ओढून काढायची नाही. समोरून बारीक सुईने तिची जिभली दाबली की मागून अलगद सुटते. वायर कापल्यावर तांबं काळं दिसलं तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, काळ्या तांब्यावर क्रिम्प (पिन वायरीवर दाबून बसवलेला जोड) धरत नाही. काळी टेप नको, आमच्याकडच्या दमटपणात तिचा गोंद सुटतो, हीटश्रिंक (तापवलं की आवळून बसणारी नळी) चढवा. प्लास्टिक पिवळं पडून ठिसूळ झालं असेल तर कपलरचं घरही नवं घ्या. बसवताना वायरीला कपलरच्या खाली लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून टपकेल.

रबर बदलल्याशिवाय डिकीचं अस्तर परत लावू नका. झालं की ब्रेक दाबून ड्रॉप पुन्हा मोजा आणि आकडा इथे टाका.