आतडं जोडल्यानंतर तिसऱ्या दिवशी सीआरपी 168: घरी सोडावं का?

सर्जरी रेसिडेंट, परळ:
उजवी हेमिकोलेक्टॉमी (मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढून उरलेलं आतडं जोडणं), लॅपने (दुर्बिणीतून). आज तिसरा दिवस. सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारं प्रथिन) काल 181, आज 168 मिलिग्रॅम प्रति लिटर. ताप नाही, पोट मऊ, नाडी 96. वॉर्डात खाटांची टंचाई आहे, म्हणून डिस्चार्जचा विचार चाललाय. आयएल-6 (दाहाचा संदेश पोचवणारं प्रथिन) पाठवून काही जास्त कळेल का?

जीआय सर्जन, दादर:
आयएल-6 आता नको. ते चिरा दिल्यावर काही तासांतच चढतं आणि साधारण दुसऱ्या दिवसापासून उतरतं. त्याच्याच हुकमावर यकृत सीआरपी बनवतं, म्हणून सीआरपी मागाहून येतो: 6-8 तासांनी चढायला लागतो, 48 तासांच्या आसपास सर्वांत वर असतो. अर्धायुष्य सुमारे 19 तास. दाह शमत असेल तर उद्या आकडा चांगलाच खाली दिसायला हवा.

2014 च्या मेटा-अ‍ॅनालिसिसमधल्या (अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातल्या) सीआरपीच्या मर्यादा तिसऱ्या दिवशी 172, चौथ्या दिवशी 124 आणि पाचव्या दिवशी 144. आकडा याखाली असेल तर आतड्याच्या जोडातून गळती नसण्याची खात्री 97 टक्के. वर असेल तर मात्र गळती निघते ती पाचांत जेमतेम एकाला. म्हणजे ही चाचणी घरी सोडायला उपयोगी, पोट उघडायला नाही. तुमचा 168 अगदी काठावर आहे, त्यात लॅपनंतर आकडा ओपनपेक्षा (पोट उघडून केलेल्या ऑपरेशनपेक्षा) कमीच असायला हवा. आज सोडू नका. उद्या 124 च्या खाली आला आणि रुग्ण खातोय, नाडी उतरलीय, तर खुशाल सोडा. चढला किंवा नाडी 100 च्या वर गेली, तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) बघून कॉन्ट्रास्ट (रंगद्रव्य देऊन केलेला) सीटी. सीटी स्वच्छ आला तरी रुग्ण बिघडत असेल तर रुग्णावर विश्वास ठेवा. सुरुवातीची गळती सीटीत निसटते.

रेसिडेंट, परळ:
प्रोकॅल्सिटोनिन (जंतुसंसर्गात वाढणारा रक्तातला घटक) जोडीला लावू का, सर?

पॅथॉलॉजिस्ट, मुलुंड:
लावलंत तर पहिल्या दिवशीचा आकडा धरू नका, नुसत्या ऑपरेशननेही तो वाढतो. पावसाळ्यात मलेरिया आणि लेप्टोही तो वाढवतात, ताप आला तर स्मिअर (मलेरियासाठी रक्ताची काच) आधी. सीआरपी रोज त्याच लॅबला पाठवा आणि एकक वाचा: काही रिपोर्ट प्रति डेसिलिटर असतात, तिथे 16.8 म्हणजेच तुमचा 168. सिऱ्हॉसिस (यकृत खराब होणं) असेल किंवा टोसिलिझुमॅब दिलं असेल तर कमी सीआरपीवर विसंबू नका. टोसिलिझुमॅब आयएल-6 चा रिसेप्टरच अडवतं, मग पोटात पू असूनही सीआरपी चढत नाही.