क्रोमाकालिमने (पोटॅशियमचे चॅनेल उघडणारं औषध) गर्भाशयाची आपोआप येणारी आकुंचनं थांबतात, मग ८० मिलिमोलर केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) आकुंचन का सुटत नाही?

लांबट_पट्टी

गाभण रॅटच्या (१९वा दिवस) गर्भाशयाच्या उभ्या पट्ट्या, सुमारे १० बाय २ मिमी. ऑर्गन बाथ (ऊती जिवंत ठेवायचं भांडं) ३७ अंशांवर, क्रेब्स द्रावण (शरीरातल्या द्रवासारखं क्षारांचं पाणी), ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, सुरुवातीचा ताण १ ग्रॅम. क्रोमाकालिम ०.१ ते १० मायक्रोमोलर, चढत्या मात्रेत.

आपोआप येणारी आकुंचनं १ मायक्रोमोलरच्या आसपास बंद पडतात. पण केसीएल ८० मिलिमोलर केल्यावर जो टिकून राहणारा ताण येतो, तो १० मायक्रोमोलरलाही हलत नाही. औषध निकामी म्हणावं, तर आधीचा परिणाम कसा आला?

आणखी दोन गोष्टी. २१व्या दिवसाच्या पट्ट्या क्रोमाकालिमला कमी दाद देतात. आणि नुसतं ग्लिबेनक्लामाइड (हे चॅनेल बंद करणारं औषध) घातलं तर आलेखात काहीच फरक पडत नाही. मग या ऊतीत के-एटीपी चॅनेल (एटीपी, म्हणजे पेशीतला ऊर्जेचा रेणू, घटला की उघडणारे पोटॅशियमचे चॅनेल) काम करतात हे दाखवायचं कसं?

नर्न्स्टभक्त

औषध ठीक आहे. ८० वर पट्टी सैल पडली असती तर खरी काळजी होती.

आकडे मांडून पाहा. पेशीच्या आत पोटॅशियम १४० मिलिमोलर धरा. नेहमीच्या क्रेब्समध्ये बाहेर ५.९ असतं: ४.७ केसीएलचं आणि १.२ पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचं (हे दुसरं हिशेबात धरायचं हमखास राहून जातं). त्यावरून पोटॅशियमचं समतोल पोटेन्शियल (ज्या व्होल्टेजला त्याची आत-बाहेर ये-जा सारखी होते) साधारण उणे ८५ मिलिव्होल्ट येतं. चॅनेल उघडले की पेशी तिकडे ओढली जाते. एल-टाइप कॅल्शियम चॅनेल उणे ४० च्या आसपास उघडू लागतात, त्यामुळे ते मिटलेले राहतात. कॅल्शियम आत आलं नाही की मायोसिन लाइट चेन कायनेज (आकुंचन सुरू करणारं एन्झाइम) जागं होत नाही, आणि ताणही येत नाही.

आता बाहेर ८० करा. तेच समतोल पोटेन्शियल उणे १५ वर येतं. क्रोमाकालिमने होते नव्हते ते सगळे चॅनेल उघडले तरी पेशी उणे १५ च्या पलीकडे खेचली जाणार नाही, आणि तिथे कॅल्शियम चॅनेल चालूच असतात. बाहेर २० असेल तर मात्र उणे ५२ येतं, म्हणजे खेचायला जागा आहे.

म्हणून २० वर आकुंचन आणा आणि त्यावर क्रोमाकालिम घाला. २० वर सुटतं आणि ८० वर सुटत नाही, ही जोडी एकत्र दाखवली तरच पुरावा पक्का. सोबत निफेडिपिन (कॅल्शियम चॅनेल अडवणारं औषध) १ मायक्रोमोलर ठेवा. ते दोन्हीकडे चालायला हवं. एखादं औषध ८० वरही ताण उतरवत असेल तर ते कॅल्शियम चॅनेलवर किंवा त्याच्याही पुढच्या पायरीवर काम करतंय असं समजा. एनएस१६१९ चं हेच होतं: बीके चॅनेल (कॅल्शियम वाढल्यावर उघडणारे पोटॅशियमचे चॅनेल) उघडणारं म्हणून वापरतात, पण १० ते ३० मायक्रोमोलरला ते कॅल्शियम चॅनेलही अडवतं.

कार्बोजेन

वरचं सगळं मान्य. पण ८० केलं कसं, ते लिहिलेलं नाही. बाथमध्ये तीव्र केसीएल ओतलं असेल तर ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांची एकूण तीव्रता) सुमारे १५० मिलिऑस्मोलरने वाढते, आणि पेशी आकसल्याचा परिणाम वेगळा काढता येत नाही. सोडियमच्या जागी पोटॅशियम घालून द्रावण वेगळं बनवा. सोडियम क्लोराइड ११८ आणि केसीएल ४.७, बेरीज १२२.७, ती तशीच राखायची. म्हणजे ८० साठी सोडियम क्लोराइड ४२.७ आणि २० साठी १०२.७. कॅल्शियम क्लोराइड सगळ्यात शेवटी, वायू सोडून पीएच ७.४ ला आल्यावर. आधी घातलंत तर द्रावण गढूळ होतं आणि पट्टीला कॅल्शियम कमी मिळतं.

ग्लिबेनक्लामाइडबद्दल. त्याने एकट्याने काही न होणं अपेक्षितच आहे. पेशीत एटीपी मिलिमोलरमध्ये असतं, त्यामुळे हे चॅनेल एरवी बहुतेक बंद असतात. बंद दाराला कुलूप लावून काय दिसणार? पट्टी १ ते १० मायक्रोमोलर ग्लिबेनक्लामाइडमध्ये २० ते ३० मिनिटं ठेवा आणि मग क्रोमाकालिमची पूर्ण मालिका द्या. वक्र उजवीकडे सरकला, म्हणजे तोच परिणाम यायला जास्त मात्रा लागली, की काम झालं. यासाठी टीईए (टेट्राइथिलअमोनियम, पोटॅशियमचे चॅनेल अडवणारं) वापरू नका. १ मिलिमोलरला ते बऱ्यापैकी बीकेपुरतं राहतं, १० ला अनेक चॅनेल एकदम अडवतं.

ग्लिबेनक्लामाइड पाण्यात नीट विरघळत नाही. डीएमएसओमध्ये (एक द्रावक) साठा करा, बाथमध्ये डीएमएसओ ०.१ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि नुसत्या डीएमएसओची एक पट्टी शेजारी लावा. क्रोमाकालिमसाठी इथेनॉल वापरत असाल तर तिथे जास्त जपा, कारण इथेनॉल स्वतःच गर्भाशय सैल करतं. एके काळी अकाली कळा थांबवायला ते शिरेतून दिलं जायचं!

लांबट_पट्टी

केसीएल थेट ओतूनच केलं होतं, आता द्रावण बदलतो. २१व्या दिवसाचं काय?

मायोमेट्रियम

तो फरक खरा असू शकतो. के-एटीपीचे स्नायूतले घटक, केआयआर६.१ आणि एसयूआर२बी, गर्भारपणाच्या अखेरीस घटलेले दिसतात, रॅटमध्येही आणि माणसातही. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याच सुमाराला कनेक्सिन-४३ चे गॅप जंक्शन (पेशींना जोडणारे मार्ग) वाढतात, ऑक्सिटोसिनचे रिसेप्टर वाढतात आणि विश्रांतीचं मेम्ब्रेन पोटेन्शियल मधल्या काळातल्या उणे ६० च्या आसपासवरून उणे ५० कडे येतं. म्हणजे तेवढ्याच चॅनेलना जास्त जोराविरुद्ध ओढायचं असतं. १९ आणि २१ ची तुलना नुसत्या ग्रॅममध्ये केलीत तर फसाल. प्रत्येक पट्टीचा ताण तिच्याच ८० च्या प्रतिसादाच्या टक्क्यांत मांडा. वारंवारता आणि उंची वेगवेगळी मोजा, कारण के-एटीपी उघडल्यावर बहुधा आधी वारंवारता पडते.

शिवाय गर्भाशय शांत ठेवण्याचं सगळं श्रेय के-एटीपीला देऊ नका. ताणाने उघडणारं ट्रेक-१ हे पोटॅशियमचं चॅनेल गर्भारपणात वाढतं आणि कळांच्या वेळी कमी होतं. पिशवी फुगत असताना स्नायू का चिडत नाही, याचा एक भाग तिथे आहे. केव्ही७ हे पोटॅशियमचे चॅनेल आहेत, रेटिगॅबिनने ते उघडतात, एक्सई९९१ ने अडतात. हर्ग हेही पोटॅशियमचं चॅनेल आहे. २०१४ च्या मानवी ऊतींवरच्या कामात कळांच्या वेळी केसीएनई२ हा जोडघटक वाढून हर्गचा प्रवाह घटतो असं दिसलं, आणि लठ्ठ स्त्रियांमध्ये तो नीट घटत नाही, असंही. बीकेचं प्रस्थ मात्र मला थोडं फुगवलेलं वाटतं. विश्रांतीच्या पोटेन्शियलला आणि तेव्हाच्या जेमतेम १०० नॅनोमोलर कॅल्शियमला ते फारसं उघडत नाही. त्याचं काम ॲक्शन पोटेन्शियल आल्यावर.

प्रसूतीकक्ष

पुढचा प्रश्न येणारच म्हणून लिहितो: ही औषधं अकाली कळांवर का देत नाहीत? रक्तवाहिन्यांच्या स्नायूतही केआयआर६.१ आणि एसयूआर२बी हीच जोडी आहे. गर्भाशय सैल पडेपर्यंत आईचा रक्तदाब कोसळतो आणि नाडी धावते. डायझॉक्साइडने (हेही के-एटीपी उघडतं) कळा थांबतात हे जुनं ज्ञान आहे, पण ते स्वादुपिंडातले चॅनेलही उघडतं आणि साखर वाढते. त्यामुळे ४८ तास मिळवून बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइड द्यायचं असेल तर सहसा निफेडिपिन देतात. कळा थांबवायचं दुसरं औषध, टर्ब्युटालिन, सीएएमपीच्या (पेशीतला निरोप्या रेणू) वाटेने जातं आणि बीके चॅनेलही काही अंशी उघडतं, पण आईच्या हृदयावरच्या परिणामांमुळे त्याचं इंजेक्शन ४८ ते ७२ तासांपलीकडे देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये दिला.

रॅटच्या पट्टीवरून मात्रा काढायची असेल तर शेजारी महाधमनीची कडी लावा. गर्भाशयाची आणि धमनीची ईसी५० (निम्मा परिणाम देणारी मात्रा) एकमेकींपासून किती लांब आहेत, यावरच ते औषध पुढे न्यायचं की नाही हे ठरतं.