मदत हवी आहे: यांत्रिकीची गणितं सोडवता येतात, पण मांडता येत नाहीत

नमस्कार मंडळी,

दहावीनंतर मी वाणिज्य शाखेला गेले आणि भौतिकशास्त्र तिथेच सुटलं. आता नोकरी सांभाळून बालभारतीचं अकरावीचं पुस्तक उतरवून घेतलंय आणि स्वतःच शिकते आहे. न्यूटनचे नियम कळतात, साइन-कोसाइन जमतं, समीकरणं हातात आली की सुटतातही. घोडं पेंड खातं ते त्याआधीच. शब्दांतल्या गणितातून समीकरण काढायचं कसं? सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक ओळ पटते, पण पुढच्या उदाहरणाची पहिली ओळ सुचत नाही.

सध्या अडलेलं गणित असं: ३० अंशांच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा. त्याची दोरी माथ्यावरच्या गुळगुळीत कप्पीवरून पलीकडे जाते, तिला ३ किलोचं वजन टांगलंय. घर्षण गुणांक ०.२. सगळं स्थिर असताना सोडून दिलं, तर त्वरण किती?

टांगलेल्या वजनाचं बल २९.४ न्यूटन. ठोकळ्याच्या वजनाचा उतारालगतचा घटक २४.५. लंब प्रतिक्रिया (उतार ठोकळ्याला लंब दिशेने ढकलतो ते बल) ४२.४, म्हणून घर्षण ८.५. ठोकळा वर जातो असं धरलं तर घर्षण खाली: २९.४ − २४.५ − ८.५ = −३.६. उणे आलं म्हणून तो खाली येतो असं धरलं: २४.५ − २९.४ − ८.५ = −१३.४. पुन्हा उणे! मग तो जातो तरी कुठे? घर्षणाची दिशा आधीच कशी ओळखायची?

उत्तर नको, विचार कसा करायचा ते सांगा. शिकवणी लावणं सध्या शक्य नाही.

प्रतिसाद १

ताई, आकडेमोड बरोबर आहे. दोन्हीकडून उणे आलं, म्हणजे ठोकळा कुठेच जात नाही. गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया ही स्थिर घर्षणाची कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात ते लागेल तेवढंच येतं.

म्हणून आधी घर्षण नाहीच असं समजा. मग ठोकळा वर जाऊ पाहतो, ४.९ न्यूटनच्या जोरावर. घर्षण त्या ओढीच्या उलट, म्हणजे उताराच्या खाली. त्याची मर्यादा ८.५, गरज ४.९. पुरून उरतं. त्वरण शून्य, घर्षण ४.९, दोरीतला ताण २९.४.

टांगलेलं वजन ४ किलो करून बघा. ओढ १४.७ होते, मर्यादेच्या वर जाते. आता हलणार, म्हणून ८.५ पूर्ण वजा करायचे (गतिज गुणांक, म्हणजे वस्तू घसरत असतानाचा घर्षण गुणांक, तोही ०.२ धरून). ६.२ भागिले ९, त्वरण साधारण ०.६९ मीटर प्रति सेकंद वर्ग.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. मांडणीबद्दल माझं मत जरा आग्रही आहे: आकडे शेवटी घाला. आधी एकच वस्तू निवडा, बाकी सगळं पुसून टाका आणि तिला कोण स्पर्श करतंय ते विचारा. इथे ठोकळ्याला दोरी आणि उतार, एवढेच. दोरी ताण देते. उतार लंब प्रतिक्रिया आणि घर्षण देतो. स्पर्शाशिवाय लागणारं बल फक्त गुरुत्वाचं. प्रत्येक बल आकृतीत बाणाने दाखवा. प्रत्येक बाणाबद्दल ‘हे बल कोण लावतंय’ याचं उत्तर देता आलं पाहिजे. वस्तुमान गुणिले त्वरण हा बाण आकृतीत काढायचा नाही, कारण ते लावणारं कोणीच नाही. ते समीकरणाच्या उजव्या बाजूला येतं.

मग अक्ष. एक उतारालगत, दुसरा त्याला लंब, म्हणजे त्वरण एकाच अक्षावर राहतं. शेवटी जोडणी: दोरी ताणली जाऊन लांबत नाही, म्हणून दोन्ही वस्तूंचं त्वरण आकाराने सारखं. बऱ्याच जणांचं हेच समीकरण लिहायचं राहतं आणि मग अज्ञात जास्त, समीकरणं कमी अशी अवस्था होते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. मर्यादा आणि प्रत्यक्ष घर्षण हा फरक कळल्यावर मी उलटा प्रश्न घेतला: किती वजन टांगलं तर ठोकळा जागचा हलणार नाही? २४.५ मध्ये ८.५ मिळवून आणि वजा करून, ९.८ ने (गुरुत्वत्वरणाने) भागलं. साधारण १.६३ ते ३.३७ किलो आलं. बरोबर आहे ना?

आता पुढचं. गुळगुळीत जमिनीवर एक फळी, फळीवर ठोकळा, मध्ये घर्षण, आणि ओढायचं फळीला. ठोकळ्याला स्पर्श फक्त फळीचा आहे, म्हणजे त्याला पुढे नेणारं बल घर्षणच असणार. मग घर्षण गतीच्याच दिशेने काढायचं का?