मदत हवी आहे : मुंबईच्या प्लेगनंतर खान्देशात परतलेल्या कुटुंबांविषयी

नमस्कार मंडळी. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि त्यानंतर काही महिन्यांतच गिरण्यांत, गोदीत पोटासाठी आलेल्या लाखो लोकांनी शहर सोडले. रोग मुळात उंदरांवरील पिसवांमुळे पसरत होता, हे तेव्हा बहुतेकांना ठाऊक नव्हते. दोष मात्र बाहेरून आलेल्या, दाटीवाटीच्या चाळींत राहणाऱ्या गरिबांच्या माथी मारला गेला, याचे मला आजही फार वाईट वाटते. 1897 च्या साथरोग कायद्याने झडत्या, सक्तीचे विलगीकरण आणि रेल्वे प्रवाशांची तपासणी सुरू झाली. घरांची कौले काढून आत ऊन घेत, भिंतींना चुना फासत.

चाळीसगाव, जळगाव, भुसावळ ही मुंबईच्या लोहमार्गावरील गावे. तेव्हा परतणाऱ्यांना येथे कसे वागवले गेले, हे मला समजून घ्यायचे आहे. आमच्याकडील वृद्ध माणसे गाव रिकामे करून शेतात झोपड्या घालून राहिल्याचे ऐकीव सांगतात, परंतु मुंबईहून आलेल्यांना त्या वस्तीत घेतले की वेगळे ठेवले, हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

आपल्यापैकी कोणाच्या घरी त्या काळची मोडी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या किंवा मरीमाईच्या अहिराणी ओव्या असतील, तर कृपया कळवाल का? गावोगावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवह्या पाहण्यासाठी तहसील कचेरीत अर्ज करावा की जिल्हा अभिलेख कक्षात, हेही जाणकारांनी सांगावे.